पोरगं वांड का झालं? गोबीच्या रंगानं, साखरेनं की आईनं?

२०२४ च्या मार्चमध्ये कर्नाटक सरकारनं गोबी मंचुरी आणि बुढ्ढी के बाल यांत कृत्रिम रंग घालायला बंदी केली. बेळगावातल्या गाड्यांवरची लालभडक गोबी तेव्हा फिकी पडली. त्याच दिवसांत शाळेच्या फाटकाशी एका आईनं मला विचारलं, "बाई, आता तरी आमचं पोरगं जरा गप बसंल काय वो?" तिच्या मागे सासूबाई उभ्या होत्या. त्या लगेच म्हणाल्या, "रंगाचं काय घेऊन बसलीस? तूच लाडावून ठेवलंयस त्याला."

खानापूर तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत मी २३ वर्षं शिकवलं. ही दोन वाक्यं मी किती वेळा ऐकली असतील, त्याला मोजदाद नाही. पोर ऐकत नाही, मारामारी करतं, एका जागी ठरत नाही, तर दोष खाण्याचा असतो नाहीतर वळणाचा. आमच्याकडे स्वयंपाकही आईनंच करायचा आणि पोरही तिनंच सांभाळायचं. त्यामुळे दोष कुठलाही धरला तरी बोट जातं त्या एकाच बाईकडे. म्हणून या दोन्ही गोष्टींबद्दल आजवर नक्की काय कळलंय ते एकदा नीट सांगावं असं वाटलं.

आधी बंदीचं कारण

सरकारची बंदी मुलांच्या वागण्यासाठी नव्हती. राज्यभरातून गोबीचे १७१ नमुने तपासले, त्यांतल्या १०७ मध्ये असुरक्षित कृत्रिम रंग निघाले. बुढ्ढी के बालच्या २५ पैकी १५ नमुन्यांत तेच. त्यात रोडामाइन-बी नावाचा रंग होता. हा कापड आणि कागद रंगवायचा माल. तो खाण्यात घालायला परवानगीच नाही, कारण कर्करोगाची भीती. जूनमध्ये कबाबांच्या रंगावरही बंदी आली. बंदी योग्यच होती. पण तिच्यावरून "रंगानं पोरं वांड होतात हे सरकारनंच सिद्ध केलं" असा निष्कर्ष काढता येत नाही. तो प्रश्न वेगळा आहे, त्याकडे पुढे येते.

वांडपणा कधी 'अडचण' म्हणायचा?

पाच वर्षांचं मूल पळणार, सांडणार, हट्ट करणार. ती अडचण नव्हे. निदान सहा महिने तेच चाललंय, घरीही आणि शाळेतही, आणि त्यापायी मुलाचं शिकणं, मैत्री किंवा घरचं जगणं अडतंय, असं असेल तेव्हा तज्ज्ञ त्याला वर्तनाची अडचण म्हणतात. तिचा एक प्रकार म्हणजे अतिचंचलता. डॉक्टरांच्या कागदावर तो 'एडीएचडी' असा लिहिलेला दिसेल. जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांना तो असतो. या मुलांचं डोकं तल्लखही असू शकतं, फक्त गाडीचे ब्रेक सैल असतात. दुसरा प्रकार टोकाच्या हट्टाचा आणि उलट वागण्याचा. दोन्ही एकाच मुलात असू शकतात.

साखरेवरचा आळ

आपला मुलूख उसाचा. उगार, संकेश्वर, जिकडे जावं तिकडे कारखान्याची चिमणी. शिवाय कुंदा आहे, मांडे आहेत, गोकाकचं करदंट आहे. त्यामुळे "गोड खाल्लं की अंगात येतं त्याच्या" हे आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं.

हे तपासायचं कसं? समजा, दोन दुकानांच्या कुंद्यांत कुठला चांगला ते ठरवायचंय. डबा बघितला की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते. म्हणून डबे झाकायचे, आणि वाढणाऱ्यालाही कुठला कुणाचा ते कळू द्यायचं नाही. याला आंधळी चाचणी म्हणू. अमेरिकेत मुलांना कधी खरी साखर, कधी तेवढंच गोड लागणारं दुसरं काही देऊन अशा चाचण्या झाल्या. मुलाला, आईबापाला, नोंद करणाऱ्याला, कुणालाच काय दिलंय ते माहीत नव्हतं. अशा २३ चाचण्यांचा एकत्र हिशोब १९९५ साली प्रसिद्ध झाला. साखरेनं मुलांच्या वागण्यात किंवा लक्ष देण्यात फरक पडल्याचं त्यात दिसलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १९९४ मध्ये, आणखी एक प्रयोग झाला. मला तो फार मोलाचा वाटतो. 'आमच्या मुलाला साखर बाधते' असं सांगणाऱ्या आया आणि त्यांचे पाच ते सात वर्षांचे मुलगे बोलावले. साखर एकाही मुलाला दिली नाही. निम्म्या आयांना मात्र 'मुलाला भरपूर साखर दिलीय' असं सांगितलं. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. एवढंच नाही, त्या मुलाच्या जास्त जवळ राहिल्या, त्याला जास्त टोकत राहिल्या. म्हणजे पोटात न गेलेल्या साखरेनं आईचं वागणं बदललं.

मग जत्रेत पोरं बेभान होतात ते काय? जत्रेत गोड असतं, पण सोबत गर्दी असते, मावसभावंडं असतात, ढोल असतो, रात्री बाराला झोपणं असतं आणि कुणी रागावणारं नसतं. यातली एकटी साखरच आपल्याला दिसते, कारण ती ताटात असते.

"मग काय, गोड खुशाल द्यायचं?" नाही. दात किडतात, पोट नको त्या गोष्टीनं भरतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण ऊर्जेतला वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, पाचच्या आत ठेवला तर उत्तम. गोड कमी करायचं ते या कारणांसाठी. पोरगं शांत होईल म्हणून कमी कराल तर महिन्यानं निराश व्हाल.

रंगांचं थोडं वेगळं आहे

इथे आळ अगदीच खोटा निघाला नाही. २००७ साली इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या १५३ आणि आठ-नऊ वर्षांच्या १४४ मुलांवर आंधळी चाचणी केली. काही दिवस सरबतात खाद्यरंग आणि सोडियम बेंझोएट हे टिकवणीचं द्रव्य, काही दिवस साधं सरबत. रंगीत सरबताच्या दिवसांत चंचलता सरासरीनं किंचित वाढली. फरक लहान होता आणि सगळ्या मुलांत सारखा नव्हता. सगळं एकत्र मिसळून दिल्यामुळे कुठल्या रंगानं काय झालं हेही सुटं करता आलं नाही. तरी युरोपनं २०१० च्या जुलैपासून सहा रंगांच्या पदार्थांवर 'मुलांच्या चंचलतेवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो' अशी सूचना छापायला लावली. त्यांतले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइझिन असे काही रंग आपल्याकडे ठराविक पदार्थांत, ठराविक मर्यादेत चालतात. पाकिटावर बारीक अक्षरांत त्यांची नावं किंवा नंबर असतात.

आपल्या पोरापुरतं बघायचं तर घरीच करता येतं. चार आठवडे घ्या. त्यांतले दोन आठवडे रंगीत गोळ्या, पेप्सीकोले, रंगीत फरसाण बंद ठेवा, पण कुठले दोन ते शाळेतल्या बाईंना सांगू नका. त्यांना फक्त रोज वहीत 'बरा, मध्यम, अवघड' एवढं लिहायला सांगा. शेवटी वही बघा. फरक दिसला तर रंग सोडून द्या, त्यात तोटा काहीच नाही. मात्र कुणाच्या सांगण्यावरून दूध, गहू, अंडं एकदम बंद करू नका. वाढत्या अंगाला ते महागात पडतं.

ताटात जे नसतं ते

खाण्याचा आणि वागण्याचा खरा धागा मला ताटात न आलेल्या गोष्टींत दिसतो, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून जीव तुटतो.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. पाटीवरच्या पेन्सिली खायचा. भिंतीचा गिलावा नखानं खरवडून खायचा. बाकावर सारखी चुळबूळ, दुपारनंतर चिडचिड, कुणी हात लावला की चावायचा. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी त्याला 'घाणेरडी सवय' म्हणून रागावलं. मग आरोग्य तपासणीत रक्त बघितलं, तर हिमोग्लोबिन सात. माती, खडू, पेन्सिल खावीशी वाटणं ही बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेची खूण असते. ते मला आधी ठाऊक असतं तर त्या मुलाची दोन वर्षं वाचली असती.

लोह रक्तातून प्राणवायू वाहून नेतं हे आपण शाळेत शिकलो. मेंदूतही त्याची दोन मोठी कामं आहेत. एक, लक्ष आणि उत्साह सांभाळणारी रसायनं तयार होताना ते लागतं. दुसरं, मेंदूतल्या तारांवर जे चरबीचं आवरण चढतं, विजेच्या वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं, त्यालाही ते लागतं. पहिल्या दोन वर्षांत हे काम सगळ्यात जोरात चालतं. बेट्सी लोझॉफ या डॉक्टर-संशोधक बाईंनी कोस्टारिका देशात लोह कमी असलेल्या तान्ह्या मुलांवर उपचार केले आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं. रक्त भरून आलं होतं, तरी ज्यांची कमतरता जास्त आणि जुनी होती त्यांच्यात दहा वर्षांनंतरही लक्षाच्या, चिंतेच्या आणि इतरांशी जमवून घेण्याच्या तक्रारी जास्त होत्या. म्हणून उशीर करू नये.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत रक्त कमी असलेली ६५.५ टक्के निघाली. शंभरातली पासष्ट. सगळं लोह कमी असल्यामुळेच असतं असं नाही, पण मोठा वाटा त्याचा आहे. आणि आमच्याकडे पोराचा सकाळचा नाश्ता काय? चहा आणि मैद्याचं कडक बटर. बटरात लोह जवळजवळ नाही, आणि चहातला तुरटपणा जेवणातलं लोह अंगात नीट जाऊ देत नाही. एवढं एक बदललं तरी पुष्कळ. चहा जेवणाबरोबर नको, आणि लहान मुलाला तर नकोच. डाळ, उसळ, तांबडी भाजी, त्यावर लिंबू पिळून. घरात चालत असेल तर अंडं, मटणाचं काळीज. लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं. गुळात लोह असतं हे खरं, पण रोजच्या खड्याएवढ्या गुळानं तूट भरून येत नाही.

शाळेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी मिळते, दहापासून पुढे निळी. त्या लोहाच्याच. १० फेब्रुवारीच्या सुमारास जंताची गोळी मिळते. "गोळीनं मळमळतं" म्हणून पुष्कळ घरांतून ती दप्तरातच राहते. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं, जेवणानंतर द्या. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली असेल तर मात्र शाळेच्या गोळीवर भागवू नये, डॉक्टरांना विचारावं.

आता वळणाचं

सासूबाईंच्या वाक्याकडे येते. आईनं लाडावलं म्हणून मूल चंचल झालं का?

एकाच घरातली दोन भावंडं बघा. तीच आई, तीच आमटी, आणि एक शांत तर एक वारं प्यालेलं. १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्यानं शंभरावर मुलांचा तान्हेपणापासून पाठपुरावा केला. साधारण चाळीस टक्के मुलं सोपी, पंधरा टक्के हळूहळू मोकळी होणारी, दहा टक्के अवघड, बाकीची मिसळ. हे वेगळेपण पाळण्यात असल्यापासून दिसतं, वळण लावायला सुरुवात व्हायच्याही आधी.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून असं दिसतं की मुलामुलांच्या अतिचंचलतेत जो फरक असतो, त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश जन्मानं आलेल्या गुणांशी बांधलेला असतो. हे भाताच्या शेतासारखं समजा. एकाच वाफ्यात, सारखं पाणी, सारखं खत, तरी एक रोप उंच आणि एक बुटकं, ते बियाण्यामुळे. पण म्हणून पाण्याची गरज नाही असं होत नाही. पाणी तोडलं तर उत्तम बियाणंही करपतं. रुमानियातल्या अनाथालयांत तसंच झालं होतं. मुलांना खायला मिळे, पण उचलून घेणारं, बोलणारं आपलं माणूस नव्हतं. २००० पासून बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांपैकी निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून घरांत सांभाळायला दिली. घरात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माया लावण्याची ताकद वाढली, आणि जी लवकर गेली त्यांना जास्त फायदा झाला.

आपल्या घरांत तितका दुष्काळ नसतो. आई रागावते, लाड करते, दमते. एवढ्यानं अतिचंचलता जन्माला येत नाही. उलट बाजूचाही पुरावा आहे. १९७९ मध्ये बार्कले आणि कनिंगहॅम यांनी अतिचंचल मुलांना औषध दिलं आणि आया कशा वागतात ते पाहिलं. आयांना एका शब्दानं काही शिकवलं नव्हतं. मुलगा स्थिर झाला तशी त्यांची हुकूम सोडण्याची आणि टोकण्याची सवय कमी झाली. आई ओरडते म्हणून पोर वांड, असं आपण म्हणतो; बऱ्याचदा पोर दिवसभर दमवतं म्हणून आई ओरडत असते.

मग आईबापाच्या हातात काय उरतं?

पुष्कळ. स्वभाव घेऊन आलेलं मूल आणि थकलेली आई यांच्यात रोज जे घडतं, तिथून खरी भांडखोर वागणूक वाढते. अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघर बसून याच्या नोंदी केल्या. त्यांना दिसलं ते आपण बेळगावच्या खडेबाजारात रोज बघतो.

पोर खेळण्यासाठी हट्ट धरतं. आई नको म्हणते. पोर रडतं. आई आवाज चढवते. पोर रस्त्यात लोळण घेतं. लोक बघतात. आई म्हणते, "घे बाबा, एकदाचं घे." पोर गप. आता दोघंही काहीतरी शिकले. पोर शिकलं की लोळण घेतली की मिळतं. आई शिकली की दिलं की शांतता मिळते. उद्या दोघंही तेच करणार. कधी शेवट उलटा होतो: आई फटका देते, पोर घटकाभर दबतं. मग आई शिकते की फटका चालतो, आणि पुढच्या वेळी तो लवकर येतो, जोरात येतो. यात वाईट कुणीच नाही. दोघंही अडकलेत.

हे चक्र सुटतं, आणि ते सोडवायला शिकवतातही. पोर बरं वागत असताना लगेच, नाव घेऊन सांगायचं: "चप्पल जागेवर ठेवलीस, बरं केलंस." हुकूम एका वेळी एकच, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. धमकी तीच द्यायची जी पाळता येईल. आणि 'नको' म्हटलं तर तिसऱ्या हट्टालाही नकोच. बाजारात तिसऱ्यांदा मागितल्यावर भाव उतरवणाऱ्याकडे आपण पुढच्या वेळी तीनदाच मागतो. आमच्याकडे खरी अडचण इथे येते. आईचा नियम एक, आजीचा दुसरा, आणि पलटणीतून महिन्याच्या सुट्टीवर आलेल्या बापाचा तिसरा. बाप आला की कडक शिस्त, गेला की सगळं सैल. घरातल्या मोठ्यांनी दोनच नियम ठरवावेत, पण ते सगळ्यांचे असावेत.

"म्हणजे शेवटी आईबापालाच शिकवणार, तर चूक त्यांचीच ना?" असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. जमीन चढाची असली तर बांध घालावा लागतो. बांध नव्हता म्हणून जमीन चढाची झाली, असं कुणी शेतकरी म्हणत नाही. सहा वर्षांखालच्या अतिचंचल मुलांसाठी अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ औषधाच्या आधी आईबापांचं शिक्षणच सुचवतात, ते याच अर्थानं.

"आमच्या वेळी दोन धपाट्यांत सरळ व्हायची"

मारणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असं मी म्हणणार नाही. पण २०१६ मध्ये ७५ अभ्यासांतल्या सुमारे १ लाख ६१ हजार मुलांचा हिशोब मांडला गेला, आणि मार खाणारी मुलं जास्त ऐकतात असं कुठेच निघालं नाही. मारामारी, उलट बोलणं, मनाच्या तक्रारी मात्र त्यांच्यात जास्त होत्या. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मारायला बंदीच आहे.

न ऐकणारं आणि न समजणारं

सीमाभागात एक गोष्ट हमखास चुकते. घरी मराठी बोलणारं मूल कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात बसतं. पहिली एक-दोन वर्षं बाईंचं बोलणं त्याला अर्धंमुर्धं कळतं. ते खिडकीबाहेर बघतं, शेजारच्याला ढोसतं, आणि शेरा येतो 'लक्ष नाही'. दोन-तीन भाषांनी मुलं बिघडत नाहीत, अतिचंचलही होत नाहीत. आपल्या गल्लीतली पोरं तीन भाषांत भांडतात आणि तिन्हींत बरी असतात. फक्त बघायचं एवढंच, की मराठीत गोष्ट सांगितली तर ते शेवटपर्यंत ऐकतं का? ऐकत असेल तर लक्ष शाबूत आहे.

कानही तपासा. वाहणाऱ्या कानाचं पोर 'ऐकत नाही' म्हणून मार खातं. आणि झोप मोजा. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास लागतात. मोबाइल रात्री उशाशी नको, याचं पहिलं कारण हेच.

दाखवायचं कुठे?

सरकारची बालस्वास्थ्य तपासणी, म्हणजे आरबीएसके, २०१३ पासून चालू आहे. तिची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. अतिचंचलता त्यांच्या यादीत आहे, पण आपण सांगितल्याशिवाय त्यांना ती पाच मिनिटांत दिसणार नाही. मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ हा सरकारी फोन नंबर फुकट आहे, तिथे आईबापांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

पुढे मोठ्या तपासणीला धारवाडला जा म्हटलं की आमच्याकडे चेहरे उतरतात. धारवाड म्हणजे वेड्यांचं, असं डोक्यात पक्कं बसलंय. तिथे आज मन आणि मेंदूच्या उपचारांची मोठी सरकारी संस्था आहे. फाटकाशी भेटलेली ती आई शेवटी गेली, सासूबाईंना बरोबर घेऊन. जाताना मी तिला एक वही दिली होती. रात्री किती वाजता झोपला, सकाळी काय खाल्लं, कुठल्या वेळी बिनसलं, आणि बिनसायच्या आधी घरात कोण काय म्हणालं, एवढंच पंधरा दिवस लिहायचं. डॉक्टरांनी ती वही पहिल्या पानापासून वाचली. मग सासूबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही याच्याशी रोज किती वेळ खेळता?"